दाताची जखम

॥ श्री मत्स्योदरी माता प्रसन्न ॥

शेतवस्ती, ता. घनसावंगी
सोमवार, २८ जुलै २०२५

शालूताई,

नणंदेला पत्र लिहावं इतकं आपलं अंतर न्हाई. जीपनं निघालं तर फडक्यातली भाकरी गार व्हायच्या आत दवाखान्याजवळचं तुमचं नर्सचं क्वार्टर येतं. पण तुमचा नंबर यांनी माझ्या फोनातून काढून टाकला, आणि फोन तरी माझ्या हातात कुठं असतो. म्हणून लिहून राह्यले. आपल्या गावची आशा सेविका प्रीती मीटिंगला तुमच्या दवाखान्यात येते, तिच्यापाशी देते. पाकिटाचा खर्च केला न्हाई. ती काही उघडून वाचणारी न्हाई.

आज श्रावणातला पहिला सोमवार. बेल वाहून आले, उपास आहे, पण मन काही थाऱ्यावर न्हाई.

तुमचं नाव निघालं की तुमचे भाऊ अजून उठून जातात. गावात सांगतात, सख्ख्या बहिणीनं दारात पोलीस धाडला. शिपाई आल्ता तेव्हा नेमकी चार माणसं ओसरीवर बसलेली. त्यानं जबाब घेतला, चहा घेतला आणि गेला, पण यांची मान खाली गेली ती गेलीच. मी म्हटलं, मारहाणीची जखम आली की पोलिसांना कळवणं डॉक्टरांना भागच असतं, शालूताईंनी मुद्दाम केलं न्हाई. तर म्हणाले, तू बी तिच्याच बाजूची का. मी कुणाच्या बाजूची ते माझं मला ठाऊक न्हाई.

माझा राग वेगळा आहे. अंगदचं पोट दुखतं, डोकं दुखतं म्हणून त्याला तुमच्याकडं कितीदा तरी आणलं. गोळ्या देऊन झाल्या तरी तुम्ही त्याच्याकडं बघत राहायच्या. मंग त्या दिवशी भुवई फुटून आला. डॉक्टरांनी टाके घातले, आणि तुम्ही मला म्हणालात, "वहिनी, जरा बाहेर बसा." पडदा ओढून घेतला. ज्याला मी पोटात वागवलं त्याच्याशी बोलायला मलाच बाहेर बसवलं. बाकावर शेजारी एक बाई होती. तिनं विचारलं, आतलं पोरगं तुमचं का? हो म्हणायला जीभ रेटेना.

आतून त्याचं रडणं ऐकू आलं. बारावीतलं पोर. माझ्यापुढं तो कळता झाल्यापासून रडला न्हाई.

बाहेर येऊन तुम्ही एवढंच बोललात, की हे इथं थांबणार न्हाई, परत होईल, त्याच्याशी बोला. मी बोलते, तो बोलत न्हाई. बसमधल्या भारत नावाच्या पोरानं मारलं, एवढं पोलिसाच्या तोंडून कळलं. का मारलं, कधीपासून, ते त्यानं तुम्हाला सांगितलं. परत होणार असेल तर ते मला आधी कळायला नको का? त्यानं काय सांगितलं ते लिहून कळवा. दुसरं काही मागत न्हाई.

आणि तो भांडखोर न्हाई हे तुम्हाला ठाऊक आहे. रोज पहाटे अंघोळ करून कालव्याच्या वाटेनं महादेवाला जातो आणि तिथूनच कॉलेजला. शनिवार धरतो. शेजारणी म्हणतात, दुर्गा, नशीब काढलंस. अशा पोराला कुणी का मारावं?

दुर्गा


रविवार, १० ऑगस्ट २०२५

शालूताई,

राखी पोचली. यांनी हात पुढं केला न्हाई. मी ती देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला बांधली. वाया कशाला घालवायची.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यानं विश्वासानं सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं तर उद्या तो मला सांगणार न्हाई आणि मंग कुणालाच सांगणार न्हाई, असं तुम्ही लिहिलंत. दोन दिवस तुमचं तोंड बघू नये वाटलं. मंग म्हटलं, करून तर बघू. तुम्ही लिहिलं होतं, समोर बसवून विचारू नका, काम करता करता विचारा. का मारलं असं विचारू नका, भीती वाटते का असं विचारा. उत्तर आलं न्हाई तर गप राहा. नर्सबाईंच्या कॉलेजात हे बी शिकवतात का?

म्हशीची धार काढताना त्याला वासरू धरायला लावलं आणि विचारलं, "अंगद, तुला कुणाची भीती वाटती का?" त्याच्या हातून वासरूच सुटलं. त्या दिवशी सगळ्यांनी कोरा चहा घेतला. दावं परत बांधताना म्हणाला, "शालूआत्यानं सांगितलं का असं विचारायला?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "बरं." बास, एवढंच. पण गेल्या किती दिवसांत त्याचा आवाज असा खाली आला नव्हता.

आता जे लिहिते ते लिहू का नको असं झालंय. काल नारळ घेऊन महादेवाला गेल्ते. तिथं रखमाजी गुरव झाडून काढत होते. मी सहज म्हटलं, पोराचं ध्यान देवाकडं आहे, तुमची संगत लागली. तर ते हसले. म्हणाले, "देवाकडं न्हाई माय, रस्त्याकडं. मागल्या भिंतीला टेकून बसतो. सकाळची बस निघून गेली की उठतो. आत कवा आला न्हाई."

घरी येताना वाटेत मला उमगलं. ती बस चुकवायला तो देवळामागं बसतो आणि मंग पायी जातो. शनिवार धरतो म्हणजे घास उतरत न्हाई. आणि मी, पोर देवाला लागलं म्हणून, देवीला साडी बोलले होते. शालूताई, कुणाला सांगू? इतकी वर्षं पूजा करणाऱ्या बाईला भक्ती आणि भीती यातला फरक दिसला न्हाई.

बाकी ठीक. परवा त्याच्या उजव्या हाताला पत्रा लागला, बोटाच्या मुळाशी, सांध्यावर. बाजारातल्या डॉक्टरांकडं नेलं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी केली. ते काही विचारत न्हाईत. अशा माणसाकडं बरं वाटतं. तुम्ही काळजी करू नका.

दुर्गा


बुधवार, १३ ऑगस्ट २०२५

शालूताई,

प्रीती भर पावसात आली आणि तुमची चिठ्ठी देऊन उभ्या उभ्या गेली. 'वहिनी, तो पत्रा न्हाई, दात आहे.' एवढं वाचलं आणि मी चूल विझवून टाकली.

शुक्रवारी तुमच्याकडं एक पोरगं आल्तं, ओठ फाटलेला, पुढचा दात तुटलेला. तुम्ही नाव लिहिलं न्हाई. लिहायला कशाला पाहिजे. तोंडावर बुक्की मारताना लागलेली माणसाच्या दाताची जखम वरून चिमटीएवढी दिसते आणि आत सांध्यात सडते, बोट सरळ होत नसेल तर एक दिवस बी थांबू नका, असं तुम्ही लिहिलंय. आणि खाली रेघ मारून लिहिलंय, की गावाला काय सांगायचं ते सांगा, डॉक्टरांना जखम कशाची ते खरं सांगा.

पट्टी सोडून बघितलं. पंजा वरून सुजून चकाकतो, बोट वाकडं झालंय, वास येतोय. अंगद म्हणाला, "पत्राच आहे आई." मी म्हटलं, "दात आहे. मला ठाऊक आहे." त्यानं भिंतीकडं तोंड केलं. अंग तापलंय. पत्रा त्यानंच सांगितला होता, पण बाजारातल्या डॉक्टरांपुढं तो मी सांगितला. तो सांगायच्या आधीच मी बोलले, तो अडखळू नये म्हणून. मला तेव्हाच पटलं नव्हतं. पत्रा बाकीची बोटं सोडून एकाच सांध्यावर कसा लागेल?

खरं सांगते, तुम्ही त्या पोरालाही पडद्यामागं नेलं, पाणी पाजलं, त्याच्याशी बसून बोललात, हे प्रीतीकडून ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं न्हाई. ज्यानं आमची भुवई फोडली त्याला तुमचेच हात. पण त्याचं तोंड तुम्ही बघितलं नसतं तर आमचा हात तुम्हाला कळला नसता. एवढं मला समजतं. समजलं म्हणून गोड लागत न्हाई.

यांना सांगितलं. म्हणाले, "शेवटी दिला ना त्यानं एक. एवढे दिवस नुसता खातच होता." शालूताई, तोंडावर समाधान होतं. पोराचा हात सडून राह्यला आणि बाप मिशीतल्या मिशीत हसतोय. मी म्हटलं, हाताचं काय? तर म्हणाले, गोळ्या चालू हायेत, उतरल. तिच्या दवाखान्यात पाय ठेवायचा न्हाई म्हणजे न्हाई.

उद्या पहिल्या जीपनं मी त्याला घेऊन येते. घरी सांगितलंय, अंबडला देवीला जाऊन येतो, पोराला ताप आहे, अंगारा आणते. देवीचं नाव घेऊन आजवर खोटं बोलले नव्हते. कशासाठी बोलले ते तिला दिसतंच. चिठ्ठी सकाळी तुमच्या हातात पडायच्या आधी बहुतेक आम्हीच पोचू, पण आत्ता लिहिलं नसतं तर सकाळपर्यंत माझं धाडस राहिलं नसतं.

दुर्गा


बुधवार, ३ सप्टेंबर २०२५

शालूताई,

महालक्ष्म्या काल गेल्या. नणंद नसताना पहिल्यांदाच बसवल्या. पुरण घट्ट झालं, सोळा भाज्या कशाबशा जमवल्या. अंगदनं डाव्या हातानं मखर बांधलं, एका बाजूला कललं होतं. तसंच राहू दिलं.

तुमच्या डॉक्टरीणबाईंनी पाठवलं त्या जालन्याच्या मोठ्या दवाखान्यातून येऊन बरेच दिवस झाले, पण लिहायला बसले की झोप येते. हात उघडून धुतला, दुसऱ्यांदा बी धुवावा लागला. एक दिवस उशीर झाला असता तर बोट गेलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. बोट अजून पुरं मिटत न्हाई. तुम्ही शिकवला तो चेंडू दाबायचा व्यायाम करतो. चेंडू विकत आणला न्हाई, मोजा गुंडाळून शिवून दिला.

तुमच्या दवाखान्यातल्या त्या नव्या डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांगा. मी दात म्हणाले तेव्हा मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. त्या फक्त म्हणाल्या, सांगितलंत ते बरं केलंत. आणि मंग त्याला कसं सरळ विचारलं त्यांनी. त्या पोरांनी परत मारायचं ठरवलंय का? तू ठरवलंयस का? घरात काय हत्यार असतं, कुठं असतं? कधी जगू नये असं वाटतं का? शेवटच्या प्रश्नाला मी त्यांना अडवणारच होते. असं विचारलं तर डोक्यात नसलेलं येईल, असं वाटलं. पण त्याच्या खांद्याचं ओझं उतरल्यासारखं झालं. पुढचं बोलायला त्यानं मला बाहेर जायला सांगितलं. तुम्ही न्हाई, त्यानंच सांगितलं. मी गेले.

तर आता ऐका. तुम्हाला ठाऊकच आहे ते, पण मला त्यानं स्वतः सांगितलं म्हणून लिहिते. जालन्याला त्याचा उजवा हात बांधलेला, मी घास भरवत होते. एवढ्या मोठ्या पोराला घास भरवला की ते खाली बघतं, आणि खाली बघून बोलणं सोपं जात असेल. वर्षभर बसमध्ये चाललं होतं. जागेवरून उठवायचं, डबा खायचा, टपला मारायच्या, व्हिडिओ काढायचा. सुरुवातीलाच त्यानं बापाला सांगितलं होतं. बाप म्हणाला, "मार खाऊन आलास तर दारात उभा राहू नको. मारून ये, मंग जेवायला बस."

त्या दिवशी मी तिथंच भाकरी थापत होते. ऐकलं होतं. कानावरून गेलं, कारण असं घरोघरी बाप बोलतात. ते पोराच्या काळजात घुसून बसलंय हे मला कळलं न्हाई. बसमध्ये मार आणि घरी दार बंद. मंग मधे राहिली देवळाची मागली भिंत.

भुवई फुटली तेव्हा, पोलीस येऊन गेल्यावर, यांनी त्याला चार माणसांत परत तेच ऐकवलं. म्हणून त्यानं भारतला एकटा गाठून मारलं. घरी येऊन बापाला सांगितलं; म्हणजे मी दाताचं बोलले त्याच्या आधीच यांना ठाऊक होतं. यांनी त्या दिवशी त्याला शेजारी घेऊन जेवायला बसवलं, आपल्या ताटातली वडी दिली. मला वाटलं होतं, बाप-लेकाचं जमलं. अंगद म्हणाला, "आई, हात ठणकत होता, पण त्या दिवशी जेवण गेलं."

मी घास खाली ठेवला. पुढं भरवता आलं न्हाई. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं भरवलं.

घरचे दोन्ही कोयते तुम्ही सांगितलं तसे हलवले. महालक्ष्म्यांचे मुखवटे असतात त्या लोखंडी पेटीत ठेवून कुलूप घातलं. मुखवटे फडताळात, जुन्या लुगड्यात गुंडाळून. देवी समजून घेतील. यांनी विचारलं, कोयता कुठं गेला? मी म्हटलं, ऊसतोडीला अजून लई वेळ हाय. म्हणाले, गवत कापायचंय. मी म्हटलं, गवताला विळा हाय. मंग कळलं त्यांना. म्हणाले, "पोराला बांगड्या भर आता. बसव चुलीपाशी."

तेव्हा माझ्या तोंडून निघालं. लग्न झाल्यापासून असं बोलले नव्हते. म्हटलं, "मारून आला तरच जेवायचं, असं तुम्ही त्याला सांगितलं. सैपाक मी करते. तो मार खाऊन आला तरी आधी जेवल. कुणी जेवायचं ते माझ्या चुलीवर ठरल."

ते ताटावरून उठून गेले. महालक्ष्म्यांच्या जेवणाला बी नीट बसले न्हाईत. घरात तेव्हापासून भांड्यांचाच आवाज आहे.

दुर्गा


बुधवार, १७ सप्टेंबर २०२५

शालूताई,

तुमचं मागचं पत्र मी वाचून जाळलं. तुमच्या वडलांनी, आण्णांनी, यांना लहानपणी असंच पावसात दाराबाहेर ठेवलं होतं, हातात दगड घेऊन परत जा म्हणाले होते, आणि तुम्ही खिडकीतून बघत होत्या. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं न्हाई. मी यांना काही बोलले न्हाई. ते त्यांचं आहे. त्यांनी सांगितलं तर ऐकेन.

आजची गोष्ट. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं झेंडावंदन करून अंगद येत होता. आता तो मास्तरांच्या ओळखीनं पुढच्या सीटवर बसून बसनंच येतो-जातो, ते तुम्हीच कॉलेजात बोलून केलंत. पण स्टँडवर भारतच्या सोबतचे दोघं उभे होते. एकानं मागून येऊन कानाखाली वाजवली, दुसऱ्यानं लाथ घातली. भारत बी तिथंच होता. अंगद सांगतो, भारतनंच त्यांना ओढलं. "बस झालं रे. हात बघ त्याचा," असं म्हणाला. तुम्ही त्याला अजून बोलावता, त्याच्याशी बोलता, हे मला ठाऊक आहे. मी त्याचे उपकार मानणार न्हाई. पण घडलं ते लिहिलं.

अंगदनं हात उचलला न्हाई. सरळ घरी आला. हे ओसरीत बाजेवर बसलेले. शर्टाची बाही फाटलेली, गालावर बोटं उठलेली. मी आतून बघत होते. तो दाराशी आला आणि थांबला. यांच्याकडं बघत थांबला. मी पुढं होणार तेवढ्यात, कुठून बळ आलं कुणास ठाऊक, आपणच म्हणाला, "आबा, मी मार खाऊन आलोय. मारलं न्हाई मी."

यांनी बाजेवरून सोडलेले पाय आखडून घेतले. अंगद चपला काढून त्यांच्या पुढून आत आला. मी ताट केलं. त्याला चावताना दुखत होतं, म्हणून भाकरी दुधात कुस्करून दिली. तो निम्मं जेवला.

मंग हे उठले. चपला घातल्या. मला वाटलं, चालले आता चार माणसं गोळा करायला. मी जाऊन दारात उभी राहिले. म्हटलं, कुठं निघालात? माझ्याकडं न बघता म्हणाले, "जीपवाल्याला सांगून येतो. सकाळची पुढली सीट. मागं धक्के बसतात."

शालूताई, मी बाजूला झाले. ते गेले आणि मी तिथंच उंबऱ्यावर बसले. रडू बी आलं न्हाई, इतकी थकून गेले आहे.

माणूस बदलला असं मी लिहीत न्हाई. जीपवाल्याकडून आल्यावर परत दोनदा त्या पोरांच्या बापांची नावं घेऊन शिव्या दिल्या. पेटीची किल्ली मी अजून मंगळसूत्रातच घातली आहे. पण कपडे इस्त्रीचे काढून ठेवलेत स्वतःचे, अंगदचे बी.

हे पत्र अंगदपाशीच देते. उद्या बाप-लेक तुमच्या दवाखान्यात येतील, तेव्हा तो तुमच्या हातात देईल. डावा कान वाजतो म्हणतो, त्या बाजूनं हाक मारली तर ऐकू जात न्हाई. तपासा. कसं लागलं ते तो सांगेल, मी मधे बोलणार न्हाई. हे जुलैपासून तुमच्याशी बोलले न्हाईत, उद्या बोलतील का ते सांगता येत न्हाई. तुम्ही आधी बोलू नका. चहा मात्र ठेवा.

आणि पडदा ओढायच्या आधी, बापाला आत घ्यायचं का बाहेर बसवायचं, ते अंगदलाच विचारा. तो म्हणेल तसं करा.

तुमची वहिनी
दुर्गा